प्रत्यक्ष फोनवर पाहिलं: होय

प्रिय ताई,

तुझं पाकीट काल मिळालं. वृद्धांच्या निवासगृहाचा फॉर्म, दोन्ही पानांवर सही करायच्या जागी तू पेन्सिलने मारलेल्या फुल्या, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट, आणि वर चार ओळींची चिठ्ठी: दोन्ही मुलांच्या सह्या लागतात, फोटो काढून पाठवू नकोस, मूळ कागदच लागतो, येत्या सोमवारी अकराला अण्णांना तिथे सोडायचं आहे. समोरच्याला पळवाट म्हणून ठेवायची नाही, ही तुझी शिक्षिकेची सवय. आत पेनही निघालं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. फॉर्म टेबलावर ठेवून मी चहा केला, तो गार झाला, परत गरम केला, परत गार झाला. आज मंगळवार. ऑफिसला बरं नाही म्हणून कळवलंय आणि लिहायला बसलोय. सही करायला अर्धं मिनिट लागलं असतं, हे लिहायला मला आठ महिने लागलेत.

आधी एक सांगतो, म्हणजे पुढचं तू रागाच्या भरात वाचणार नाहीस. अण्णांना तिथे ठेवायचं तू ठरवलंस, यात मी तुझा दोष काढत नाहीये. मी कोण काढणारा? सकाळी सहाला स्वतःच्या घरचं आवरून त्यांच्याकडे, तिथून शाळा, शाळेतून पुन्हा त्यांच्याकडे, मग वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी, असं तू आठ महिने केलंस. गुडघा सुजलेला असताना तीन जिने चढलीस. मी आठ तासांच्या अंतरावर बसून आठवड्यातून दोनदा फोन केला आणि औषधं वेळेवर घेतात ना, असं विचारलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? दुधाखालचा गॅस तसाच राहून पातेलं करपलं ते तू निस्तरलंस. नळ उघडा राहून खालच्या बाईंच्या छतातून पाणी गळलं तेव्हा बोलणी तू खाल्लीस. तू लिहिलंयस की वर्गात फळ्याकडे तोंड असतानाही तुझा कान फोनकडे असतो. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. तेव्हा हे पत्र म्हणजे तुला शहाणपण शिकवणं नाही. एक गोष्ट तुला माहीत नाही आणि मला माहीत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय त्या फुलीवर सही करायला माझा हात उचलत नाही.

फोनवर सांगायचा प्रयत्न मी तीनदा केला. तिन्ही वेळा तुझ्या गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवला. समोर येऊन सांगावं तर तू दार उघडताच जेवलास का म्हणून विचारशील आणि माझी बोबडी वळेल. म्हणून हे लिहिणं. मध्येच थांबून मला फोन करू नकोस, शेवटपर्यंत वाच.

माझं काम नेमकं काय, हे तू कधी धड विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तुमच्या शिक्षकांच्या खोलीत तू सांगतेस, भाऊ कॉम्प्युटरचं काहीतरी बघतो. खरं तर तेवढंच आहे. आमच्याकडे लोकांच्या वेबसाइट बनतात. पान एकच, पण ते मोठ्या पडद्यावर नीट दिसायला हवं आणि हातातल्या फोनवरही. जागा कमी झाली की शेजारी शेजारी असलेले रकाने एकाखाली एक जायला हवेत, चित्रं आक्रसायला हवीत, वरची लांबलचक यादी मिटून तिच्या तीन रेघा व्हायला हव्यात. हे होतं की नाही ते मी बघतो. लॅपटॉपवर पान उघडायचं, खिडकीची उजवी कड माऊसने पकडायची आणि हळूहळू डावीकडे ढकलत न्यायची. पान अरुंद होत जातं. कुठे अक्षर बाहेर सांडलं, कुठे बटणावर बटण चढलं की टिपून ठेवायचं. शिवाय एक सोय असते, पडद्यावरच फोनची चौकट येते, यादीतून फोन निवडला की त्याच्या मापात पान दिसतं. दिवसभर खिडकी लहान करायची, मोठी करायची. शेजारच्या टेबलावरची डिझायनर मला पडदेवाला म्हणते. मला हे काम आवडायचं, ताई. आई आणि तू दोन टोकं धरून चादरीची घडी घालायचात, ती बघायला मला आवडायची ना, तसंच काहीतरी. सगळं जागच्या जागी मिटलं की मन निवायचं.

तर आमच्या ऑफिसात एक खण आहे. त्यात सहा खरेखुरे फोन, जुने-नवे, लहान-मोठे. नियम असा की लॅपटॉपवर बघून झालं की पान या फोनांवरही उघडायचं, बोटाने सरकवायचं, बटणं दाबून बघायची. तपासणीच्या तक्त्यात शेवटचा रकाना त्याचाच आहे: प्रत्यक्ष फोनवर पाहिलं, होय किंवा नाही. पहिली दोन वर्षं मी इमानेइतबारे पाहिलं. मग एका फोनची बॅटरी फुगली, दोन चार्ज होईनात, एकाची काच तडकली, नवे कुणी मागवले नाहीत आणि काम मात्र दुपटीने वाढलं. लॅपटॉपवरच्या चौकटीत तर सगळं दिसतंच, मग खण कशाला उघडा? हळूहळू खण उघडायचं बंद झालं. रकान्यात होय लिहायचं मात्र बंद झालं नाही. खोटं लिही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळेच लिहायचे, मीही लिहायचो. पुढची दोन वर्षं असंच चाललं आणि कधी काही बिघडलं नाही, निदान आमच्या कानावर आलं नाही.

अण्णांनी असं कधी केलं नसतं. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, पण एकही पाटी शिडीवरून पास केली नाही. रंग झाला की खाली उतरायचे, हात पुसायचे, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचे आणि तिथून बघायचे. मग उकिडवे बसून बघायचे, लहान मुलाच्या उंचीवरून. मग सायकलवर एक चक्कर मारून जाता जाता बघायचे. आणि आपण दोघं बरोबर असलो तर शेवटची परीक्षा तुझी. तुला पहिलीपासून जाड भिंगांचा चष्मा. ते म्हणायचे, ताई, चष्मा काढ आणि वाच. तू डोळे बारीक करून वाचायचीस, आणि अडखळलीस की ते निमूटपणे शिडी परत लावून अक्षर जाड करायचे. मी फुरंगटून बसायचो, कारण मला लांबून सगळं स्वच्छ दिसायचं आणि मला कुणी विचारायचंच नाही. एकदा मी रडलोच. तेव्हा ते म्हणाले, टिंब्या, तुला दिसलं यात पाटीचं काय कौतुक? तुला तर कसलीही पाटी दिसेल. जन्मलो तेव्हा टिंबाएवढा होतो म्हणून त्यांनीच ठेवलेलं ते नाव, पण त्या दिवशी मला ते चिडवल्यासारखं लागलं. तू हसली होतीस. ती औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी होती, अजून तिथे आहे.

त्यांच्या डोळ्यांचं मी तुला काय सांगणार, सुईची आठवण म्हणून कपाटावर कागद चिकटवणारी तू. उजवा आधीच गेलेला. डाव्यात दर चार आठवड्यांनी सुई घेतली तर तो टिकेल, चुकली तर नाही, हे डॉक्टरांनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. तेव्हा तारीख खिडकीवर मिळायची. अण्णा बसने जायचे, खिडकीतल्या बाई त्यांच्या कार्डावर पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून द्यायच्या, आणि घरी येऊन अण्णा त्या बाईंच्या वळणदार अक्षराचं कौतुक करायचे. मग दवाखान्याने खिडकी बंद करून तारखा वेबसाइटवरून द्यायचं ठरवलं, आणि ती वेबसाइट आली कुणाकडे? आमच्याकडे. मी तुला केवढ्या फुशारकीने फोन केला होता! अण्णांचं पान मीच तपासणार, आता त्यांना रांगेत उभं राहायला नको, घरबसल्या तारीख. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. त्याच महिन्यात मी घरी येऊन गेलो. निघताना त्यांच्या फोनमधली अक्षरं मीच मोठी करून दिली, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. ते खूश झाले, म्हणाले, हे बरं केलंस, आता फोनसुद्धा पाटीसारखा दिसतो. इकडे परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्याचं पान लॅपटॉपवर ओढून लहान केलं. नेहमीच्या आकाराच्या अक्षरात, माझ्या धडधाकट डोळ्यांनी. सगळं जागच्या जागी होतं. शेवटच्या रकान्यात मी होय लिहिलं आणि जेवायला गेलो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, तुला सलग सांगतो. अण्णांनी पहिल्यांदा पानावर तारीख निवडली, ती निळी झाली, त्यांना वाटलं झालं काम. तू विचारलंस, तारीख घेतली का, ते म्हणाले घेतली. त्या दिवशी बसने गेले तर दारावरच्या माणसाने यादी पाहून नाव नाही म्हणून परत पाठवलं. तारीख निवडल्यावर खाली 'नक्की करा' असं बटण दाबावं लागतं, नाहीतर पंधरा मिनिटांत ती तारीख सुटते, हे त्यांना तिथे कळलं. घरी येऊन त्यांनी दुसरी तारीख निवडली आणि बटण शोधलं. सापडेना, तेव्हा मला फोन केला. दुपारचे तीन वाजले होते, माझ्यासमोर दुसरंच काम होतं आणि ते चारला द्यायचं होतं. बोलता बोलता मी ते पान लॅपटॉपवर उघडलं, फोनच्या मापाचं केलं, तर बटण माझ्यासमोर निळंशार. मी म्हणालो, खाली आहे बघा. ते म्हणाले, खाली नाहीये. मी म्हणालो, बोटाने वर सरकवा. ते म्हणाले, सरकत नाही रे. मी म्हणालो, नीट बघा. असं पाच-सात वेळा झालं. मग मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर या पत्राला काही अर्थ नाही. मी म्हणालो, अण्णा, बटण तिथेच आहे, मला दिसतंय, तुम्हाला दिसत नाही एवढंच. मग ते म्हणाले, असेल, आणि त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी पुन्हा फोन करून विचारायचं माझ्या मनात होतं. राहून गेलं.

त्यानंतर काय झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तुझ्या परीक्षा चालू होत्या, ते मला आठवतं, तू सहाला घर सोडत होतीस. सात आठवडे गेले. एका सकाळी अण्णा उठले तर जिथे बघतील तिथलं मधलं सगळं पुसलेलं, नुसत्या कडा शिल्लक. दाराची चौकट दिसायची, दारात उभी असलेली तू दिसायची नाहीस. तू त्यांना घेऊन धावलीस. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. तू सर्वांदेखत त्यांना विचारलंस, सुई का नाही घेतलीत, तर ते म्हणाले, विसरलो. मग तू मला फोन केलास, रागाने तुझा आवाज फाटला होता. कपाटावर एवढा कागद लावलाय, तोंडाने विचारते आहे, आणि विसरतात म्हणजे काय! तेव्हा मला काही माहीत नव्हतं, म्हणून मीही तुझ्या सुरात सूर मिसळला. वय झालं ताई, विसरणारच, असं मीच म्हणालो. तेव्हापासून ते विसरतात हे आपल्या घरात पक्कं झालं.

आठवड्याने मी आलो. तू शाळेत होतीस. अण्णा आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, आता मला याचा काय उपयोग, कुणाला तरी देऊन टाक. मी तो सहज उघडला. शेवटी उघडलेलं पान तेच होतं. त्या पानावर एवढी मोठी अक्षरं मी कधीच पाहिली नव्हती. दोन ओळींची सूचना फुगून आठ ओळींची झाली होती आणि तिने बाकीचं सगळं खाली ढकललं होतं. तळाला दवाखान्याच्या नावाची पट्टी असते, ती जागची हलत नाही. त्या पट्टीच्या वर एक निळी रेघ दिसत होती, दोऱ्याएवढी. ती बटणाची वरची कड होती. बाकीचं अख्खं बटण पट्टीखाली. मी बोटाने पान सरकवलं, सरकेना. पुन्हा सरकवलं. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच. कोपऱ्यात मागच्या नोंदींची यादी होती: तीन तारखा, तिन्हींपुढे 'अपूर्ण'. पहिल्या दोन आमच्या त्या फोनपर्यंतच्या. तिसरी मात्र आमच्या फोननंतरची होती. माझं ते बोलणं ऐकून घेतल्यावरही त्यांनी पुन्हा एकदा एकट्याने बसून बटण शोधलं होतं.

बोट काचेवर पुन्हा पुन्हा घासल्याच्या आवाजावरूनच त्यांना कळलं. म्हणाले, ते आता बघू नकोस. मी विचारलं, मला परत फोन का नाही केलात? ताईला का नाही सांगितलंत? तर अगदी साधेपणाने म्हणाले, तू म्हणालास ना, बटण तिथे आहे, मला दिसत नाही. तुझं कामच ते, तू चुकीचं कशाला सांगशील? मी तिसऱ्यांदा पाहिलं, तरी दिसेना. मग समजलो की हाही डोळा गेला. गेलेल्या डोळ्यात सुई कशाला टोचून घ्यायची? ताई, त्यांचा डोळा तेव्हा गेला नव्हता. बटण पट्टीखाली होतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं, म्हणजे त्यांना दिसत होतं तेच खरं होतं. डोळा शाबूत होता. त्यांनी स्वतःच्या डोळ्यापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला, आणि डोळा त्यामुळे गेला. याच्याहून सोप्या भाषेत मला ते लिहिता येत नाही.

मग त्यांनी मला गळ घातली. ताईला यातलं काही सांगू नकोस, मी तिला विसरलो म्हणून सांगून ठेवलंय. माझ्यावर ती चिडेल आणि चार दिवसांनी निवळेल. तुला ती माफ करणार नाही, तिचा स्वभाव मला माहीत आहे. माझ्या मागे तुम्ही दोघंच आहात, एकमेकांशी बोलत राहा. मी मान डोलावली. मग लक्षात आलं की ते त्यांना दिसणार नाही, म्हणून तोंडाने हो म्हणालो. आणि आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून हेही सांगतो: तो हो म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी तू आलीस, आम्हा दोघांना वाढलंस, वाढताना अण्णांना पुन्हा दोन शब्द सुनावलेस. ते खाली मान घालून जेवले. मीही जेवलो.

परत येऊन मी आमच्या मुख्य बाईंना सांगितलं. अण्णांचं नाही, फक्त अक्षर मोठं केलं की बटण झाकलं जातं एवढंच. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. एका ओळीचा फरक. बाई म्हणाल्या, आजवर तक्रार तर कुणाची आली नाही. कुठून येणार? ज्याला तारखेचं बटण सापडलं नाही त्याला तक्रारीचं सापडणार आहे का? मी खण उघडून चालू असलेले दोन फोन चार्जिंगला लावले, आता प्रत्येक पान त्यांच्यावर बघतो, अक्षरं मोठी करून बघतो. त्याने काय होणार आहे? बैल गेला आणि झोपा केला. रोज खिडकीची कड पकडून ढकलतो आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मला ती निळी रेघ दिसते. दिवसच्या दिवस कुणाशी बोलत नाही. कशातच राम वाटत नाही. अण्णांकडे येऊन राहता आलं असतं, लॅपटॉप काय कुठल्याही टेबलावर उघडतो. आलो नाही, कारण ते जिथे बसतात त्याच्या समोर मला बसवत नाही. सगळा भार तुझ्यावर पडला तो कामामुळे नाही, या भ्याडपणामुळे.

गेल्या महिन्यात तू त्यांना स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलंस. त्या संध्याकाळी खालच्या बाईंकडून नंबर लावून घेऊन त्यांनी मला फोन केला. चक्क हसत होते. डॉक्टरांनी वार विचारला तर बुधवार असून शनिवार सांगितला. महिना एक मागे नेला. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यांतला एकच सांगितला. मग मला तिन्ही म्हणून दाखवले, कुलूप, चादर, लिंबू, पाढे म्हणावेत तसे. मी म्हणालो, अण्णा, हे काय चालवलंय तुम्ही? तर म्हणाले, एकदा विसरलो म्हटलं की विसरत राहावं लागतं. गॅसचंही त्यांनी सांगितलं: ज्योतीकडे सरळ बघितलं की ती दिसत नाही, विझली असं वाटलं. नळाचं पाणी गेलेलं होतं, नळाची चावी कुठल्या बाजूला फिरली ते हाताला कळलं नाही. विसरण्याचा दोन्हींत काही संबंध नाही. मी म्हणालो, मग हे तरी ताईला सांगा. नको म्हणाले. ती दमलीय, जिन्यावर तिचा गुडघा वाजतो तो मला वरपर्यंत ऐकू येतो. ती म्हणेल तिथे जाईन. मी विचारलं, तुम्हाला जायचंय का? म्हणाले, इथल्या भिंती मला माहीत आहेत रे. दारापासून खुर्ची सात पावलं, खुर्चीपासून खिडकी चार. एवढंच बोलले, आणि मी एवढं ऐकूनही महिनाभर मूग गिळून बसलो.

आता तुझ्या फॉर्मचं. 'ठेवण्याचं कारण' या रकान्यात तू तुझ्या सुरेख अक्षरात 'वाढता विसरभोळेपणा' असं लिहिलं आहेस आणि त्याखाली छापलंय, वरील माहिती खरी आहे, मुलगी, मुलगा. अण्णांच्या बाबतीत खोटं होय मी एकदा लिहून बसलोय, दुसऱ्यांदा लिहिणार नाही. फॉर्म सही न करता परत पाठवतोय. त्यांना तिथे पाठवूच नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि गेलेला डोळा तर कशानेच परत येणार नाही. सगळं कळल्यावरही तुझ्याने होत नसेल तर दुसरा फॉर्म आण, त्यात खरं कारण लिही, डोळा गेला आणि कुणामुळे गेला, त्यावर मी सही करीन. शनिवारी सकाळच्या गाडीने लॅपटॉप घेऊन येतोय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, नाही उघडलंस तर जिन्यात बसून राहीन, तेवढं माझ्या वाट्याचंच आहे. पण त्याआधी एक कर. शाळेतून आलीस की अण्णांसमोर बस आणि त्यांना विचार, त्या तीन तारखा कुठल्या होत्या. आधी ते विसरलो म्हणतील. मग सांग, टिंब्याने सगळं लिहून कळवलंय. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि तीही मी पाळली नाही, याचा त्यांना राग येईल, येऊ दे. राग ओसरला की ते तिन्ही तारखा सांगतील, वारासकट, ओळीने. मी त्या फॉर्मच्या मागच्या पानावर, तू सहीसाठी फुली मारलीस त्या जागी लिहून ठेवल्या आहेत. त्यांचं सांगून होईपर्यंत पान उलटू नकोस.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
टिंब्या